पेट्रोलने हात धुऊ नका: तीव्र रक्तकर्करोगाचा धोका कुठून येतो आणि किती कमी करता येतो

मिरजेतल्या एका लॅबमध्ये मी बावीस वर्षं रक्ताच्या स्लाइड बघतोय. थेंबभर रक्त काचेवर पातळ पसरायचं, वाळू द्यायचं, लिशमनचा रंग घालायचा, मग बफर घालून दहाएक मिनिटं थांबायचं, धुवायचं आणि मायक्रोस्कोपखाली सरकवायचं. निरोगी माणसाच्या स्लाइडवर गुलाबी तांबड्या पेशींची दाटी दिसते आणि मधूनच एखादी पांढरी पेशी. तिचं जांभळं केंद्रक दोन-तीन पाकळ्यांत विभागलेलं असतं. पण वर्षातून काही वेळा अशी स्लाइड येते की पहिल्याच नजरेत हात थांबतो. मोठ्या, गोल, एकसारख्या पेशींची गर्दी. केंद्रक एवढं मोठं की पेशीत दुसऱ्या कशाला जागाच उरलेली नाही, कडेला निळसर रंगाची बारीक किनार, आणि केंद्रकात एक-दोन फिकट ठिपके. यांना, म्हणजे या अर्धवट वाढलेल्या पेशींना, आम्ही ‘ब्लास्ट’ म्हणतो. कधी त्यांच्यातल्या एखादीत लालसर सुईसारखी काडी दिसते. अशी स्लाइड मी उचलून थेट पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या टेबलावर नेतो. बाकीची कामं थांबतात.

नंतर रिपोर्ट न्यायला कुणी तरी येतं. बाप, भाऊ, बऱ्याचदा आई. डॉक्टरांनी तोवर फोनवर सांगितलेलं असतं. लिफाफा हातात घेतल्यावरही माणूस काउंटरपासून हलत नाही. आणि मग तोच प्रश्न येतो, जवळजवळ त्याच शब्दांत: “दादा, आमचं काय चुकलं ओ?”

हा लेख त्या प्रश्नासाठी लिहितोय. खरं उत्तर दोन भागांत आहे आणि दोन्ही सांगायला हवेत. पहिला भाग असा की बहुतेक घरांत कुणाचंही काही चुकलेलं नसतं. दुसरा असा की थोड्या गोष्टी खरोखर धोका वाढवतात, आणि त्यांतल्या बऱ्याच आपल्या सांगली-साताऱ्याच्या गॅरेजात, बागेत आणि पानपट्टीवर रोज चालू आहेत.

वांझ फुटी

आधी आजार समजून घेऊ. रक्त तयार होतं हाडांच्या आतल्या मगजात, ज्याला डॉक्टर ‘बोन मॅरो’ म्हणतात. तिथल्या मूळ पेशी विभागतात, त्यांतून लहान पेशी निघतात आणि टप्प्याटप्प्याने मोठ्या होऊन कुणी तांबडी, कुणी पांढरी, कुणी प्लेटलेट होते. हे काम किती मोठं आहे बघा: नुसत्या तांबड्या पेशी दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त बनतात, दिवसाला सुमारे २०,००० कोटी.

द्राक्षाची बाग असणाऱ्यांना पुढचं लगेच कळेल. छाटणीनंतर वेलीला फुटी येतात, त्यांतल्या काहींना घडच नसतो. त्या वाढतात जोमाने, अन्नपाणी खातात, सावली करतात आणि घड असलेल्या फुटींना उपाशी ठेवतात. तीव्र रक्तकर्करोगात, म्हणजे अॅक्युट ल्युकेमियात, मगजात असंच होतं. एका अर्धवट वाढलेल्या पेशीच्या गुणसूत्रांत बिघाड होतो आणि ती मोठी व्हायचं विसरते, पण वाढत मात्र राहते. तिची पिल्लंही तशीच. काही आठवड्यांत मगज या वांझ पेशींनी भरतो. मग तांबड्या पेशी कमी पडल्या की धाप आणि फिकटपणा, कामाच्या पांढऱ्या पेशी कमी पडल्या की न उतरणारा ताप, प्लेटलेट कमी पडल्या की हिरड्यांतून रक्त. बागेत या फुटी हाताने खुडता येतात. मगजात त्यासाठी केमोथेरपी लागते.

‘तीव्र’ म्हणजे दुखणं जोरात आहे असं नव्हे. आजार दिवस-आठवड्यांत वाढतो, म्हणून तीव्र. त्याचे मुख्य दोन प्रकार. एएलएल, म्हणजे अॅक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, बहुतेक लहान मुलांत, दोन ते पाच वर्षांच्या वयात सर्वांत जास्त. मुलांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये हाच पहिल्या नंबरवर आहे, आणि चांगले उपचार पूर्ण मिळाले तर प्रगत देशांत दहापैकी नऊच्या आसपास मुलं बरी होतात. दुसरा एएमएल, म्हणजे अॅक्युट मायलॉइड ल्युकेमिया, तो वयाबरोबर वाढत जातो. मघाशी सांगितलेली लाल सुई दिसली, की तो एएमएल.

आणि तो वाटतो तितका सर्रास होत नाही. अमेरिकेच्या नोंदींत एएमएल वर्षाला दर लाख माणसांमागे साधारण ४ जणांना होतो. ‘धोका दीडपट’ असं पुढे कुठे वाचलंत तर तो या चारचा दीडपट आहे, हे मनाशी ठेवा. घाबरवून मला काही मिळवायचं नाही.

रोज एवढ्या प्रचंड संख्येने पेशी बनवायच्या म्हटल्यावर नक्कल उतरवताना चुका होणारच. बऱ्याच चुका शरीर दुरुस्त करतं, काही राहून जातात. सत्तरी ओलांडलेल्या माणसांपैकी दहा टक्क्यांहून जास्त जणांच्या रक्तात बिघडलेल्या मूळ पेशीची एखादी शाखा सापडते, हे २०१४ मधल्या मोठ्या अभ्यासांनी दाखवलं. त्यांतल्या बहुतेकांना कधीच रक्ताचा कॅन्सर होत नाही, ज्यांना होतो त्यांचं प्रमाण वर्षाला एखादा टक्का. अशी चूक वयाने होते, योगाने होते, त्याला कुणाचं पाप लागत नाही. धोका कमी करायचा म्हणजे या आपोआप होणाऱ्या चुकांमध्ये बाहेरून भर घालणाऱ्या गोष्टी दूर ठेवायच्या.

बेन्झीन: इथे सगळ्यात जास्त करता येण्यासारखं आहे

गेल्या पावसाळ्यात गाडीची चेन बसवून घ्यायला एका गॅरेजात बसलो होतो. सतरा-अठरा वर्षांचा पोरगा. काम झालं, हात कोपरापर्यंत काळे. त्याने कापलेल्या प्लास्टिकच्या डब्यात पेट्रोल ओतलं, त्यात हात बुडवून चोळले, मग त्याच पेट्रोलमध्ये ब्रशने स्प्रॉकेट घासलं. डबा दिवसभर उघडाच स्टुलाखाली. शटर पाऊस येतो म्हणून अर्धं खाली ओढलेलं. डोकं दुखतं का विचारल्यावर म्हणाला, “संध्याकाळी दुखतंय, पण सवय झाली आता.”

पेट्रोलमध्ये बेन्झीन नावाचं रसायन असतं. भारतात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये ते जास्तीत जास्त १ टक्का असावं असा नियम आहे. एक टक्का ऐकायला थोडं वाटतं, पण बेन्झीन झटकन उडतं आणि ते मुख्यतः श्वासातून आत जातं. पुढची गोष्ट विचित्र आहे. बेन्झीन स्वतः फार नुकसान करत नाही. आपलं यकृत ते बाहेर टाकण्यासाठी त्याचं रूपांतर करायला जातं, त्यातून तयार झालेले पदार्थ रक्ताबरोबर मगजात पोहोचतात आणि तिथे त्यांची आणखी विषारी रूपं बनतात. ती मूळ पेशींच्या गुणसूत्रांवरच घाव घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने बेन्झीनला पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो याबद्दल शंका न उरलेल्या पदार्थांत. आणि त्यातला मुख्य कॅन्सर एएमएल.

याचा सगळ्यात बोलका पुरावा चपला-बूट बनवणाऱ्यांकडून आला. इस्तंबूलमध्ये १९६० च्या आसपास बूट बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांत नवीन गोंद आला, त्यात बेन्झीन भरपूर होतं. खोल्या लहान, हवा कोंडलेली. काही वर्षांनी मुझफ्फर अक्सॉय नावाच्या रक्तविकारतज्ज्ञांच्या लक्षात आलं की त्यांच्याकडे येणाऱ्या ल्युकेमियाच्या रुग्णांत बूट बनवणारे फार दिसतायत. त्यांनी मोजदाद केली. १९७४ मध्ये अशा २६ कामगारांची नोंद प्रसिद्ध केली. पुढे तिथल्या गोंदातून बेन्झीन काढायला सुरुवात झाली आणि रुग्ण येणं घटत गेलं. मला या गोष्टीतला शेवटचा भागच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बेन्झीन गेलं, आजार कमी झाला. संपर्क थांबल्यावर वर्षं जातील तसा धोका उतरतो, हे इतरही अभ्यासांत दिसलंय.

२००४ मध्ये चीनमधल्या तियानजिनच्या बूट कामगारांच्या रक्ततपासणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी ज्यांच्याभोवतीच्या हवेत बेन्झीन दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी होतं, म्हणजे अमेरिकेने कामगारांसाठी ठरवलेल्या मर्यादेच्या आत, त्यांच्याही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट इतरांपेक्षा कमी निघाल्या. म्हणजे कॅन्सरच्या कितीतरी आधी मगज तक्रार करायला लागतो, आणि ती तक्रार साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, दिसू शकते.

आता आपल्याकडे बघा. गॅरेज, पेट्रोल पंप, टँकर, गाड्यांचं पेंटिंग, स्क्रीन प्रिंटिंग, चपलांचं सोल्यूशन, पंक्चरचं सोल्यूशन, फर्निचरचं थिनर. कुपवाड, मिरज, साताऱ्याच्या एमआयडीसीपासून गावातल्या टपरीपर्यंत. थिनरच्या सुट्या डब्यावर आत नेमकं काय आहे हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. स्वस्तातल्या मालात बेन्झीनची भेसळ किती, हे वासावरून कळत नाही. उलट प्रत्येक वासाला घाबरायचंही कारण नाही. आमच्या मिरजेत सतारी-तानपुरे बनवणाऱ्यांच्या गल्लीतून जाताना लाखेच्या पॉलिशचा वास येतो. ती लाख स्पिरिटात विरघळवतात, आणि स्पिरिट म्हणजे अल्कोहोल, त्याचे त्रास वेगळे. त्याच कामात थिनर आलं की मात्र गोष्ट बदलते.

काय करता येईल? पेट्रोलने हात धुणं बंद, हे पहिलं. ग्रीस काढायला भांड्याची पावडर आणि मूठभर लाकडाचा भुसा चोळला तरी निघतं, हात धुवायची पेस्टही मिळते. पार्ट धुवायला पेट्रोल वापरू नका, त्यासाठीचे वेगळे क्लीनर मिळतात. सोल्यूशनच्या डब्याला झाकण, आणि काम दाराजवळ. पंखा असा लावा की वाफ बाहेर जाईल, तोंडावर येणार नाही. नळीला तोंड लावून पेट्रोल ओढणं तर कधीच नको. त्यात बेन्झीनचा विषय पुढचा, आधी पेट्रोल फुप्फुसात गेलं तर तिथेच जीवावर बेततं. पंपावर नोझल खटकन बंद झाल्यावर ‘अजून थोडं’ करत टाकी काठोकाठ भरायची नाही. रुमालाचा उपयोग धुळीपुरता, वाफ त्यातून आरपार जाते. वाफेसाठी कोळशाचं फिल्टर असलेला मास्क लागतो. आणि जे वर्षानुवर्षं या कामात आहेत त्यांनी वर्षातून एकदा सीबीसी करून जुने रिपोर्ट जपून ठेवावेत. एखाद्या वर्षीचा आकडा एकटा फार सांगत नाही, पण पाच वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की घसरण दिसते.

मालकांनो, तुमच्याकडे कामाला असलेली पोरं सोळा-अठरा वर्षांची असतात. त्यांच्यापुढे या वासात काढायची सगळी उमर आहे. दोनशे रुपयांची पेस्ट आणून ठेवा.

विडी, सिगारेट

बेन्झीनचा विषय इथेच संपत नाही, कारण गॅरेजात कधी न गेलेल्या माणसाच्या शरीरातही ते सिगारेटमधून जातं. धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरात रोज जाणारं बेन्झीन न ओढणाऱ्याच्या साधारण दहापट असतं. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा असा की सध्या ओढणाऱ्यांत एएमएलचा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त. सोडल्यावर तो हळूहळू उतरतो. तंबाखू-मावा खाणाऱ्यांना तोंडाच्या कॅन्सरचा धोका किती मोठा आहे ते आपल्या भागात सांगायला नको, पण ल्युकेमियाच्या बाबतीत धूर हा मुख्य मुद्दा आहे. आणि वडिलांच्या धूम्रपानाचा आणि मुलांतल्या एएलएलचा संबंधही बऱ्याच अभ्यासांत दिसलाय. बाळ हवंय असं ठरलं की वहिनीला गोळ्या सुरू होतात, दादाची सिगारेट तशीच चालू राहते. ती त्याच दिवशी थांबावी.

ज्याला आपण ‘औषध’ म्हणतो

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, खानापूरच्या बागांत ऑक्टोबर छाटणीपासून पुढचे चार महिने फवारणीचे. डाऊनी, भुरी, करपा, थ्रिप्स, आणि ढग आले की रात्रीतून ब्लोअर सुरू. ज्याची वर्षभराची कमाई त्या घडांत अडकलीय त्याला ‘फवारू नका’ असं मी सांगणार नाही, तो हक्क मला नाही.

कीटकनाशकं आणि ल्युकेमिया यांचा संबंध बेन्झीनइतका पक्का सिद्ध झालेला नाही. पण दोन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर आल्यात. गरोदरपणात आईचा कामावर कीटकनाशकांशी संपर्क आला तर बाळाला पुढे ल्युकेमिया होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं. आणि घराच्या आत मारलेल्या कीटकनाशकाशीही मुलांच्या ल्युकेमियाचा संबंध दिसतो, बाहेर मारलेल्यापेक्षा ठळक. एवढं कळल्यावर गरोदर बाईला आणि लहान मुलाला यापासून लांब ठेवणं हा साधा व्यवहार आहे.

आपल्या बोलण्यातच एक अडचण आहे. आपण त्याला ‘औषध’ म्हणतो. औषध मारलं, औषध आणलं, औषध संपलं. घरातल्या लहान पोरालाही तो शब्द खोकल्याच्या बाटलीसारखाच ऐकू येतो. मी सावळजकडच्या एका पाहुण्यांच्या घरी बघितलंय: माजघरात धान्याच्या कणगीशेजारी औषधाच्या बाटल्या, ब्लोअरवरून आलेल्या काकांचा शर्ट खुंटीवर, आणि काकूंनी तो सगळ्यांच्या कपड्यांबरोबर दगडावर धुवायला घेतला. सूनबाई सात महिन्यांची, शेजारी बसून पिळत होती.

काही सवयी बदलल्या तर पुष्कळ फरक पडतो. सर्वांत कडक विष अंगावर येतं ते फवारताना नव्हे, तर बाटलीतलं कडक औषध टाकीत मिसळताना. तेव्हा हातमोजे हवेतच, आणि ढवळायला काठी, हात नव्हे. फवारणीचे कपडे वेगळे, ते शेडमध्येच काढायचे, वेगळे भिजवायचे आणि गरोदर बाईने हात लावायचा नाही. घरी येऊन अंघोळ झाल्याशिवाय नातवंड उचलायचं नाही. रिकामे कॅन तीनदा खंगाळून ते पाणी टाकीतच ओतायचं, मग कॅनला भोक पाडायचं. तो पाण्याला, तेलाला, कशालाच वापरायचा नाही. साठा घराबाहेर, कुलपात. घरात मुंग्या, ढेकूण, झुरळं झाली तर बागेतलं शिल्लक औषध आत मारायचं नाही. माझ्या मते आपल्याकडे होणारी ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे, आणि ती फार होते.

एक्स-रे आणि सीटी

हिरोशिमा-नागासाकीत १९४५ नंतर जे वाचले त्यांच्यात पहिला वाढलेला कॅन्सर ल्युकेमिया होता. दोन-तीन वर्षांत वाढ दिसू लागली आणि सहा ते आठ वर्षांनी ती शिगेला पोहोचली. मेरी क्युरींची मुलगी इरीन, तीही नोबेल मिळवलेली शास्त्रज्ञ, किरणोत्सारी पदार्थांत आयुष्य काढून १९५६ मध्ये ल्युकेमियानेच गेली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये अॅलिस स्ट्युअर्ट यांनी दाखवलं की गरोदरपणात पोटाचे एक्स-रे काढलेल्या आयांच्या मुलांत कॅन्सरचं प्रमाण जास्त आहे. सुरुवातीला त्यांचं कुणी ऐकलं नाही. आज पोटातलं बाळ बघायला सोनोग्राफी करतात. तिच्यात ध्वनिलहरी असतात, किरणोत्सर्ग नसतो, तसाच तो एमआरआयमध्येही नसतो.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय उभं केलं तेव्हापासून कर्नाटकातूनही माणसं इथे येतात. तपासण्याही त्यामुळे हाताशी. छातीच्या एका साध्या एक्स-रेला घाबरायचं काही कारण नाही, त्यातला डोस नगण्य असतो. सीटीचा त्याच्या कितीतरी पट असतो. युरोपातल्या नऊ देशांत लहानपणी किंवा तरुणपणी सीटी झालेल्या साडेनऊ लाखांच्या घरातल्या लोकांचा अभ्यास २०२३ मध्ये आला. त्याचा हिशेब असा: आजच्या सर्वसाधारण डोसने सीटी झालेल्या १०,००० मुलांमागे पुढच्या बारा वर्षांत १ ते २ मुलांना त्यामुळे रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. डोक्याला मार लागून उलट्या होणाऱ्या मुलाला सीटी लागलाच तर तो करायचाच, तिथे हा धोका क्षुल्लक आहे. पण मूल साधं पडलं आणि ‘खात्री करून घेऊ’ म्हणून आपणच हट्ट धरायचा, किंवा आठवड्यापूर्वीची फिल्म घरी विसरली म्हणून पुन्हा काढायची, हे टाळता येतं. एवढंच विचारा: “डॉक्टर, सोनोग्राफीने भागेल का?” आणि जुन्या फिल्मची पिशवी कायम बरोबर ठेवा.

लहान मुलं

सगळ्यात अवघड प्रश्न आईचा असतो, म्हणून इथे थोडं थांबतो.

इंग्लंडमध्ये बाळ जन्मल्यावर टाचेतून रक्ताचे ठिपके घेऊन कागदावर जपून ठेवतात. पुढे ज्या मुलांना ल्युकेमिया झाला त्यांचे ते जुने कागद १९९० च्या दशकात तपासले गेले. काही मुलांच्या जन्मानंतर लगेच घेतलेल्या रक्तात त्या आजाराचा पहिला बिघाड हजर होता, आजार दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी. म्हणजे मुलांतल्या एएलएलची पहिली पायरी पुष्कळदा पोटातच पडते, आपोआप. आणि तसा बिघाड घेऊन जन्मणाऱ्या शंभरातल्या एखाद्यालाच पुढे आजार होतो, कारण दुसरा बिघाड व्हावा लागतो. आईने पपई खाल्ली, ग्रहण पाळलं नाही, कामाला गेली, याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. कुणी सासूबाई तसं म्हणत असतील तर त्यांना हा लेख वाचून दाखवा.

दुसरा बिघाड का होतो? ब्रिटिश शास्त्रज्ञ मेल ग्रीव्ह्ज यांची मांडणी अशी की पहिल्या वर्षात ज्या मुलाला साधे संसर्ग फारसे भेटले नाहीत, त्याच्या प्रतिकारशक्तीला शिस्त लागत नाही. पुढे एखादा साधा संसर्ग झाला की ती बेताल उसळते आणि त्या गडबडीत दुसरा बिघाड घडतो. पहिल्या वर्षी पाळणाघरात, इतर मुलांत राहिलेल्या बाळांत एएलएल थोडा कमी दिसतो, हे याला धरून आहे. म्हणून मुद्दाम आजारी मुलाजवळ बाळाला न्यायचं नाही आणि लसी तर सगळ्या वेळेवर द्यायच्या. पण वाड्यातली चार पोरं बाळाशी खेळतात, अंगणात ते रांगतं, माती लागते, त्याची धास्ती घेऊ नका.

अंगावरचं दूध हा यातला दुसरा धागा. २०१५ मध्ये अठरा अभ्यास एकत्र करून बघितले, तेव्हा सहा महिने किंवा जास्त काळ अंगावर पाजलेल्या मुलांत ल्युकेमिया १९ टक्के कमी आढळला. ज्यांना दूध आलंच नाही त्या आयांनी हे वाचून मनाला लावून घेऊ नये. मूळ आजारच दुर्मिळ आहे.

आपल्या भागात मामाच्या, आत्याच्या घरी मुलगी देण्याची रीत आहे, म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. अशा लग्नामुळे थेट ल्युकेमिया होत नाही. पण फॅन्कोनी अॅनिमियासारखे काही दुर्मिळ आनुवंशिक आजार बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होतात, आणि नात्यातल्या लग्नात तसं घडण्याची शक्यता वाढते. या मुलांना एएमएलचा धोका फार मोठा असतो. घरात एखादं मूल ठेंगणं, अंगठ्यात व्यंग असलेलं, रक्त सतत कमी असलेलं असेल, तर पुढच्या बाळाआधी जनुकीय सल्ला घ्या. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांतही धोका दहा ते वीस पट असतो. त्यांना ताप, फिकटपणा, काळे-निळे डाग दिसले तर सीबीसीला उशीर नको.

थोडं इकडचं तिकडचं

आधीच्या कॅन्सरसाठी घेतलेल्या काही केमो औषधांनी किंवा रेडिएशनने पुढे काही वर्षांनी एएमएल होऊ शकतो. हे खरं आहे, आणि तरीही त्या भीतीने स्तनाच्या कॅन्सरची केमो नाकारणं म्हणजे समोरच्या वाघाकडे पाठ करून लांबच्या सापाची काळजी करणं. उपचार घ्या, नंतरची रक्ततपासणी चुकवू नका.

मोबाइल टॉवरमुळे ल्युकेमिया होतो हे सिद्ध झालेलं नाही. टॉवरमधून निघणाऱ्या लहरींत एक्स-रेसारखी गुणसूत्रं तोडण्याची ताकद नसते. आणि हळद. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवत आलेला आपला भाग, तिच्याबद्दल मलाही माया आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत हळदीतला घटक ल्युकेमियाच्या पेशी मारतो हेही खरं. पण पोटातून तो रक्तात फारच थोडा जातो, आणि हळद खाऊन माणसांना हा आजार टळतो असं कुणी दाखवलेलं नाही. भाजीत घाला, पण तिच्या भरवशावर गॅरेजातलं पेट्रोल चालू ठेवू नका.

हे सगळं सांभाळूनही आजार होऊ शकतो, आणि निरोगी माणसांचं रक्त तपासून तो खूप आधी पकडण्याची सोय आज नाही. म्हणून खुणा ओळखायच्या. दोन आठवडे न हटणारा ताप, पायरी चढताना नवीनच लागलेली धाप, ओठ-पापण्या पांढऱ्या पडणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके जे बोटाने दाबल्यावर जात नाहीत, मार न लागता उठलेले काळे-निळे डाग, लहान मूल पाय दुखतो म्हणून चालायचं टाळतंय. यातलं बरंच काही साध्या आजारांतही होतं, पण एकत्र दिसलं तर सीबीसी करा आणि चिठ्ठीवर ‘स्मिअर’ लिहून घ्या, म्हणजे मशिनच्या आकड्यांबरोबर कुणी तरी डोळ्यांनी स्लाइड बघेल. तपासणी होण्याआधी अंगदुखी-तापावर स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. त्याने एएलएलच्या पेशी काही काळ दबतात, मुलाला बरं वाटतं, स्लाइड फसवी दिसते आणि मधले मोलाचे आठवडे जातात.

एएमएलचा एक प्रकार आहे, एपीएल. त्यात रक्तस्राव होऊन माणूस पहिल्या काही दिवसांतच जाऊ शकतो. पण त्याच प्रकारावर एट्रा नावाची, अ जीवनसत्त्वाच्या कुळातली गोळी आणि आर्सेनिक यांचा उपचार वेळेत सुरू झाला, तर धोका कमी असलेल्या गटातले दहापैकी नऊहून जास्त रुग्ण बरे होतात. सगळा फरक त्या पहिल्या दिवसांचा. तेव्हा हिरड्यांतून रक्त आणि अंगावर डाग एकत्र दिसले, तर ‘सोमवारी बघू’ म्हणू नका. रात्र असली तरी मोठ्या दवाखान्याच्या इमर्जन्सीत जा आणि तिथेच रक्त तपासायला द्या.